दुखतंय का? नाही, बरंय

हे उत्तर मी इतक्या वेळा ऐकलंय की आता ते ऐकताना मी पेशंटच्या चेहऱ्याकडे बघतच नाही, हातांकडे बघते. खुर्चीचा दांडा गच्च धरलाय का, उठताना एकाच बाजूवर भार देतायत का, पिशवीतली फाइल काढायला सोबतच्या माणसाला सांगतायत का.

मी कॅन्सरच्या क्लिनिकल ट्रायल्समध्ये, म्हणजे नव्या औषधांच्या माणसांवरच्या चाचण्यांमध्ये, कोऑर्डिनेटर आहे, बरीच वर्षं झाली, त्यातही बहुतेक काम फेज वनचं. फेज वन म्हणजे औषध माणसांना पहिल्यांदाच किंवा जवळपास पहिल्यांदाच देतायत, आणि मुख्य प्रश्न असतो की डोस किती झेपतो. लागू पडतं का, हा त्याच्यानंतरचा प्रश्न. येणारे पेशंट बहुतेक असे की नेहमीचे उपचार करून झालेत, आजार पसरलाय, पण माणूस अजून हिंडताफिरता आहे. हे हिंडतंफिरतं असणंसुद्धा मोजतात, ० ते ५ अशी ईकॉग नावाची पट्टी असते (० म्हणजे पूर्ण धडधाकट) आणि ट्रायलमध्ये यायचं तर साधारण ० किंवा १ लागतो. म्हणजे गंमत बघा (गंमत कसली म्हणा), माणूस पुरेसा आजारीही हवा आणि पुरेसा धडधाकटही. पेशंटला हे पहिल्या भेटीतच कळतं आणि तिथूनच ते "बरंय" सुरू होतं.

एक काका होते. ओळख पटू नये म्हणून थोडे तपशील बदलतेय. आजार खुब्याच्या हाडात गेलेला. त्यांना आम्ही डायरी दिली होती, रोज गोळी किती वाजता घेतली आणि दुखणं ० ते १० मध्ये किती, एवढंच लिहायचं. पंधरा दिवसांनी डायरी आली तर २, २, ३, २, २, सगळे आकडे एकाच पेनाने, एकाच तिरकेपणाने, मधे कुठे डाग नाही की कोपरा दुमडलेला नाही. सकाळी बाहेरच्या बाकड्यावर बसून एका दमात भरलेली डायरी ओळखू येते हो. मी काही बोलले नाही, नळ्यांवर लेबलं लावत बसले, कारण त्या दिवशी त्यांचा पीकेचा दिवस होता, म्हणजे गोळी घेतल्यावर अर्ध्या तासाने, एका तासाने, मग दोन, चार, सहा, आठ तासांनी रक्त काढायचं, औषध रक्तात किती चढतं आणि कधी उतरतं ते बघायला. सहा तासांचं रक्त झाल्यावर काकू माझ्या टेबलापाशी आल्या आणि पर्समधून एक छोटी वही काढली. आत नुसत्या वेळा. १.१०. ३.४०. ४.२५. मी म्हटलं हे काय, तर म्हणाल्या, रात्री हे उठून बसतात ना त्या वेळा, मी झोपेचं सोंग घेते आणि मोबाइलच्या उजेडात लिहून ठेवते, त्यांना सांगू नका हं.

नंतर काकांशी बोलले तेव्हा ते सरळ म्हणाले, "दुखतंय म्हटलं तर काढतील ना मला." आणि मग हळूच असंही निघालं की पावलांना मुंग्या येतात, चप्पल पायातून निसटते ते कळत नाही. हे मात्र आजाराचं नव्हतं, औषधाचं असण्याची दाट शक्यता होती.

आता हे का महत्त्वाचं आहे ते सांगते, कारण हे पेशंटला कुणी नीट सांगतच नाही. डोस ठरवायची जुनी आणि अजूनही चालणारी पद्धत अशी की तीन जणांना एक डोस द्यायचा आणि पहिल्या तीनचार आठवड्यांत काय होतं ते बघायचं. कुणालाच गंभीर त्रास नाही तर पुढच्या तिघांना वरचा डोस, एकाला झाला तर त्याच डोसवर अजून तीन माणसं, दोघांना झाला तर वर जाणं थांबवायचं. सगळा हिशोब तीन माणसांवर! त्यातल्या एकाने मुंग्या लपवल्या तर वरचा डोस घेणारे पुढचे तिघं कुठलेतरी अनोळखी काका-मावशी असणार. काकांना हे सांगितल्यावर ते बराच वेळ गप्प बसले, मग म्हणाले, हे आधी सांगायचं होतंत. बरोबर होतं त्यांचं. संमतीपत्र बरंच जाड असतं आणि त्यात हे असतंच, पण त्यात आहे म्हणजे सांगितलं असं होत नाही.

आणि हाडाच्या दुखण्यासाठी मॉर्फिन चालू केलं म्हणून ट्रायलमधून काढतात असं सरसकट अजिबात नाहीये. प्रोटोकॉलप्रमाणे फरक पडतो, पण दुखणं ताब्यात असलेला, रात्री झोपलेला, दोन घास पोटात गेलेला माणूसच ट्रायलमध्ये जास्त टिकतो, हे मी डोळ्यांनी बघितलंय.

मग पॅलिएटिव्ह टीमला, म्हणजे दुखणं आणि बाकीचा त्रास कमी करणाऱ्या टीमला, पहिल्याच दिवशी का बोलवत नाहीत? कारण तो शब्द. काकूंना मी म्हटलं पॅलिएटिव्हच्या डॉक्टरांना भेटूया, तर त्यांच्या हातातली वही पडायची बाकी राहिली. "म्हणजे आता झालं का सगळं?" त्यांची चूक नाही, आमच्यातलेच कितीतरी जण त्या टीमला शेवटच्या आठवड्यातच फोन करतात. २०१० साली फुफ्फुसाच्या पसरलेल्या कॅन्सरच्या १५१ पेशंट्सवरचा एक अभ्यास आला होता, त्यात ज्यांना सुरुवातीपासून नेहमीच्या उपचारांबरोबर पॅलिएटिव्ह केअर मिळाली ते मानसिकदृष्ट्या कमी खचले, शेवटी शेवटी त्यांच्यावर उपचारांचा भडिमारही कमी झाला, आणि तरी ते जास्त जगले, मध्यक (म्हणजे निम्मे पेशंट ज्याच्या पुढे जगले तो आकडा) ११.६ महिने विरुद्ध ८.९. ते फेज वनचे पेशंट नव्हते हे मान्य. पण फेज वनमधल्याच ४७९ पेशंट्सवरही नंतर अभ्यास झाला आणि ज्यांना ही मदत मिळाली त्यांची मानसिक ओढाताण कमी दिसली. मला तर वाटतं ट्रायलच्या सहीच्या दिवशीच त्यांची अपॉइंटमेंट ठेवावी, रक्ततपासणीसारखी, म्हणजे "का बोलावलं" हा प्रश्नच नको.

काकूंनी मला एकदा आकडा विचारलेला, किती जणांना फायदा होतो. खोटं कसं बोलणार. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या आढाव्यात ४६० फेज वन ट्रायल्समधल्या सुमारे बारा हजार पेशंट्सचा हिशोब होता, त्यात साधारण १०.६ टक्के लोकांच्या गाठी लहान झाल्या. २०२२ च्या आढाव्यात आकडा सुधारलेला दिसतो, २०१३ ते २०१९ या वर्षांत १८ टक्क्यांपर्यंत. आणि गाठ लहान झाली म्हणजे साधारण ३० टक्के किंवा जास्त आकसली, बरा झाला असं नाही. मधेच इमॅटिनिबसारखं, रक्ताच्या एका कॅन्सरवरचं औषध येतं, १९९८ मध्ये फेज वन सुरू झालं आणि पुरेशा डोसवर जवळजवळ सगळ्याच पेशंट्सचे रक्ताचे रिपोर्ट नॉर्मल झाले. प्रत्येक पेशंटला आपण त्यातलेच वाटतो, आणि वाटू दे ना, त्यात काय बिघडतं. फक्त दुसरी बाजूही कुणीतरी विचारायला हवी. आमच्याकडच्या पॅलिएटिव्हच्या मॅडम फार छान विचारतात, "औषध लागू पडलं तर उत्तमच, नाही पडलं तर काय होऊ नये असं वाटतं?" काका पटकन म्हणाले, "रात्री हिला उठवायला लागू नये." काकूंनी पर्सची चेन लावली, उघडली, परत लावली.

एक मात्र खरं की ट्रायलची टीम आणि पेशंटला बघणारे बाकीचे डॉक्टर यांचं आपसात बोलणं नसेल तर घोळ होतो. एका पेशंटला तोंडात बुरशी आली म्हणून बाहेरच्या डॉक्टरांनी फ्लुकोनाझोल दिलं, साधी गोळी, पण ती लिव्हरमधलं जे एन्झाइम दाबते त्याच एन्झाइमने ट्रायलचं औषध शरीरातून बाहेर पडत होतं. म्हणजे ते अंगात साठायची भीती, म्हणून ट्रायलचं औषध थांबवावं लागलं, कित्येक दिवस गेले, पेशंट वैतागला आणि खरं सांगायचं तर चूक आमचीही होती, त्यांच्याकडे चालणाऱ्या-न चालणाऱ्या औषधांची यादीच नव्हती. उलटीवरचं ऑन्डान्सेट्रॉन घ्या, काही ट्रायल्समध्ये ते घेताना ईसीजीवर, म्हणजे हृदयाच्या ठोक्यांच्या आलेखावर, नजर ठेवतात. इम्युनोथेरपी (शरीराची प्रतिकारशक्ती कामाला लावणारं औषध) असेल तर स्टेरॉइड देण्याआधी विचारावं लागतं, कारण स्टेरॉइड तीच प्रतिकारशक्ती दाबतं. तेव्हापासून मी पेशंटच्या खिशात एक कार्ड ठेवते, वर ट्रायलचा नंबर, मागे माझा, आणि मोठ्या अक्षरात "नवीन गोळी देण्याआधी फोन करा".

काकांचं मॉर्फिन सुरू झालं, सोबत पोट साफ व्हायचं औषध (हे विसरू नका, मॉर्फिनबरोबर ते लागतंच), मुंग्यांसाठी ट्रायलच्या औषधाचा डोस एक पायरी कमी केला. पुढच्या वेळी काकूंची वही बघितली तर आठवड्यात दोनच वेळा लिहिलेल्या.

दुसऱ्या स्कॅनमध्ये गाठी वाढलेल्या निघाल्या, २० टक्क्यांच्या वर, म्हणजे त्यांच्यापुरती ट्रायल संपली. शेवटच्या डोसनंतर ३० दिवस आम्ही फोन करतो, काही त्रास आहे का विचारायला, मग माझा फॉर्म बंद होतो. तिसाव्या दिवशी फोन केला, काकूंनीच उचलला. मी विचारलं दुखतंय का त्यांना. म्हणाल्या, "हो, सकाळपासून जरा जास्त आहे, मॅडमना कळवलंय, त्या डोस वाढवतायत." मग मागून काकांचा आवाज आला, कोण आहे गं, आणि काकू म्हणाल्या, "ट्रायलवाल्या ताई. खरं खरं सांगितलं मी."