तीट की मीठ

रविवारी दुपारी समोरच्या ब्लॉकमधली पोरगी आमच्याकडे असते. असं काही ठरलेलं नाहीये, पण तिच्या आईला तासभर पाठ टेकायची असते आणि आमच्याकडे खारी असते. पोरगी दुसरीत, शाळा सीबीएसई. 2020 साली कायदा झाला आणि सगळ्या बोर्डांच्या शाळांना मराठी शिकवणं सक्तीचं झालं, त्यामुळे तिच्या टाईमटेबलात आठवड्यातून काही तास मराठी येऊन बसलंय, आणि त्या तासांचं तिला किती कौतुक आहे ते मला तिच्या जांभयांवरून कळतं. मी तिला मॅडम म्हणतो. ती मला काका म्हणते, अगदीच नाईलाज झाला तर 'काका प्लीज'.

तर परवा मॅडम चिऊकाऊचं पुस्तक घेऊन आल्या. आजीने आणलेलं, जाड कागद, मोठी अक्षरं. आईने सांगितलेलं, दोनदा रीडिंग कर. मी पेपर वाचत (म्हणजे डोळ्यावर घेऊन) पडलो होतो आणि तिकडे धडाधड गाडी सुटली, चिऊताई चिऊताई दार उघड, थांब माझ्या बाळाला अंघोळ घालते, चिऊताई चिऊताई दार उघड, थांब माझ्या बाळाचं अंग पुसते. एकही अडखळ नाही. मला वाटलं वा, शाळेने बरंच शिकवलं की. पेपर बाजूला करून बघतो तर मॅडमचं बोट पुस्तकावर आणि डोळे पंख्यावर. बोटसुद्धा अक्षरांवर नव्हतं, चिऊच्या चोचीवर होतं. पण पान मात्र बरोब्बर जागेवर उलटलं.

'अगं पुस्तकात बघून वाच' हे वाक्य माझ्या तोंडात आलं होतं. आलं आणि तिथेच राहिलं, कारण एकदम आई आठवली.

आई जिल्हा परिषदेच्या शाळेत होती. पाटण तालुका, कोयनेच्या अलीकडे, दोन शिक्षकांची शाळा. पहिली-दुसरी आईकडे, तिसरी-चौथी गुरुजींकडे, आणि मधे भिंत म्हणून एक लाकडी कपाट. मी पहिलीला तिच्याच वर्गात. शाळेत तिला बाई म्हणायचं, घरी आई, आणि वाटेत काय म्हणायचं हे काही कधी ठरलं नाही, त्यामुळे वाटेत मी गप्प असायचो. पावसाळ्यात तिकडे पाऊस असा की पत्र्याखाली बाईंचा आवाज पहिल्या ओळीलाच ऐकू जायचा, मागच्यांना नुसते ओठ दिसायचे. अशा वेळी बाराखडी घोकून काय उपयोग. मग आई कपाटातून डबा काढायची. पत्र्याचा बिस्किटांचा डबा, त्यात लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजू कापून केलेल्या लांब पट्ट्या. काडीला कापूस गुंडाळून शाईत बुडवून एकेका पट्टीवर एकेक वाक्य लिहिलेलं. मागे वळवलं की कुणाचं तरी शुभविवाह आणि आमच्या काकाच्या लग्नाला यायचं हं, आणि पुढून काऊचं घर शेणाचं.

गोष्ट सगळ्यांना पाठच होती. आज्यांनी, आयांनी, थोरल्या बहिणींनी शंभरदा सांगितलेली. आईचं म्हणणं असं की जी गोष्ट पोराला तोंडपाठ आहे तीच पहिली वाचायला द्यायची. पोरगं पट्टी हातात धरणार आणि मनातलं बोलणार, म्हणजे वाचल्याचं सोंग करणार. करू दे. सोंग करता करता बोट हळूहळू जिभेच्या मागे यायला लागतं. 'चिऊताई' दोन पट्ट्यांवर सारखंच दिसतंय हे कधीतरी दिसतं, आणि 'दार उघड' तर सातदा येतं, सातदा तेच चित्र. आईला काही हे आपणच शोधलंय असं वाटत नव्हतं. गुजरातेत भावनगरला बालवाडी चालवणारे गिजुभाई बधेका पोरांना आधी गोष्टींनीच ओढायचे, ताराबाई मोडक तिथे त्यांच्याबरोबर काम करून पुढे 1945 साली बोर्डीला आल्या आणि त्यांनी बालवाडी पार पोरांच्या अंगणात नेली, हे सगळं ती डी.एड.ला शिकली होती आणि ताराबाईंचं नाव असं घ्यायची की मला लहानपणी त्या आमच्या नात्यातल्याच वाटायच्या. इतक्या की एकदा मी विचारलं होतं, ताराबाई दिवाळीला येणारेत का.

पण मिठाची आयडिया तिची स्वतःची.

पंधराएक दिवस पट्ट्या वाचून झाल्या की एका सकाळी ती गुपचूप एक पट्टी बदलायची. थांब माझ्या बाळाला तीट लावते, या जागी थांब माझ्या बाळाला मीठ लावते. तेवढंच. मग वर्ग वाचायला लागला की सगळे एका सुरात तीट लावते म्हणत पुढे जायचे आणि ती काही बोलायची नाही, नुसती पट्टी धरून उभी. परत वाचा. परत तीट. परत वाचा. आणि कधीतरी एखाद्याच्या डोक्यात उजेड पडायचा. मला ती सकाळ लख्ख आठवते, 1986 चा पावसाळा, छत्र्यांचा ढीग दारात, गोणपाटाच्या खोळी खुंटीला, आणि मी उठून ओरडलो, 'बाई, मीठ! मीठ हाय हितं!' आणि वर्ग जो फुटला हसत, तो गुरुजी कपाटाच्या वरून डोकावले. त्या दिवशी मला वाचता आलं असं मी मानतो. लोकांना पहिला पगार आठवतो, मला मीठ.

आमच्या आधीच्या लोकांना पहिलं वाचायला 'छगन कमळ बघ' होतं. त्यावर प्रेम करणारे खूप आहेत आणि माझं काही भांडण नाही, पण त्यात एक गंमत आहे, अजून काना-मात्रा शिकवलेल्या नसल्यामुळे त्या वाक्यांत फक्त बिनकान्याची माणसं आणि वस्तू राहतात. छगन आहे, कमळ आहे. आई नाही, बाबा नाही, मामा तर नाहीच नाही. काना यायची वाट बघत सगळे दाराबाहेर उभे. आणि चिऊ बघा, पहिल्याच अक्षराला वेलांटी, पुढे ऊ, एकाही पोराचं काही अडत नाही. ते 'असर' नावाचं सर्वेक्षण असतं ना, 2005 पासून गावोगाव घरी जाऊन पोरांना वाचायला लावतात, त्यातल्या पायऱ्याही तशाच, खाली अक्षरं, वर शब्द, मग पहिलीचा उतारा, आणि सगळ्यात वर दुसरीच्या पातळीची गोष्ट. मोजायचं म्हटलं तर बरोबरच आहे. फक्त आईच्या वर्गातली निम्मी पोरं गोष्टीत पास आणि सुट्ट्या 'ढ'ला नापास झाली असती. असो, ढ म्हटलं की सगळ्यांनाच राग येतो.

या गोष्टीत आईची एकदा पंचाईत झालेली. काऊचं घर शेणाचं, चिऊचं घर मेणाचं, पाऊस आला नि काऊचं घर गेलं वाहून. मागून एक पोरगी म्हणाली, 'बाई, शेणाचं म्हंजे आमच्यागत?' सगळ्यांच्याच घरी शेणाने सारवलेली जमीन, शाळेतसुद्धा. शनिवारी आम्हीच सारवायचो. मेणाचं घर कुणी बघितलेलं नाही. अख्खा वर्ग त्या दिवसापासून काऊच्या बाजूने झाला. चिऊ दार उघडत नाही म्हणजे माजलेली आहे असं एकाने स्वच्छ सांगितलं. आई काय म्हणाली मला आठवत नाही. बहुतेक काहीच नाही, पट्ट्या गोळा करून तिने गणित घेतलं.

आता गोष्टींचा विषय निघालाच आहे तर माझं एक जुनं दुखणं सांगून टाकतो. तात्पर्य. मला तात्पर्य सहन होत नाही. अजूनही कुठे इसापची गोष्ट दिसली की मी खालची ओळ अंगठ्याने झाकतो, चारचौघात, बँकेतल्या कॅलेंडरवर असली तरी. 1828 साली सदाशिव काशीनाथ छत्र्यांनी केलेल्या इसापच्या गोष्टी मुंबईत छापून आल्या, म्हणजे जवळजवळ दोनशे वर्षं मराठी पोरं कोल्ह्याकावळ्यांकडून शहाणपण घेतायत, आणि तरी बघा आपण कसे आहोत. चौथीत 'मुद्द्यांवरून गोष्ट लिहा' असायचं. एक कावळा — उन्हाळा — तहान — मडके — तळाशी पाणी — खडे — पाणी वर — तात्पर्य. त्या आडव्या रेघा भरायच्या म्हणजे गोष्ट झाली. चौथीला गुरुजी रजेवर होते म्हणून आई आमच्यावर आली आणि तिने ते करूनच बघायचं ठरवलं. तांब्यात तळाला चार बोटं पाणी, नदीचे खडे. टाका. टाकले. खडे काठापर्यंत आले आणि पाणी कुठे आहे म्हणून बघतोय तर ते खालीच, खड्यांच्या फटीत जाऊन बसलेलं. परत केलं, आणखी बारके खडे घेऊन. तेच. मग अर्धा तांब्या पाणी घेतलं तेव्हा कुठे ते वर आलं. म्हणजे मडकं आधीच बरंच भरलेलं असेल तरच कावळा हुशार. आई म्हणाली, आता लिहा गोष्ट. एकाने लिहिलं, कावळा तहानलेलाच राहिला. आणि एकाने, तो मला फार आवडला, तीन ओळींत संपवलं: कावळ्याला तहान लागली. त्याला मडके दिसले. पण तो नदीवर गेला. आमच्याकडे बारमाही नदी, कावळा मडक्यापाशी कशाला मरायला जाईल. आईने त्याला पैकीच्या पैकी दिले, पुढे तपासणीला साहेब आले त्यांनी ती वही बघून विचारलं हे काय, तर ही म्हणाली, सर, निरीक्षण.

(2009 साली केंब्रिजच्या संशोधकांनी रूक नावाच्या, कावळ्याच्याच कुळातल्या पक्ष्यांपुढे पाण्याची नळी ठेवली, वर तरंगणारी अळी, बाजूला दगड. पक्ष्यांनी दगड टाकून पाणी वर आणलं आणि अळी खाल्ली. मी ती बातमी कापून आईला पाठवली होती. तिने विचारलं, पाणी आधी किती होतं?)

कुठे होतो मी. हां, मॅडम.

तर मी उठलो, स्विगीची कागदी पिशवी फाडली, पट्ट्या कापल्या आणि मार्करने चार वाक्यं लिहिली. अंघोळ, अंग पुसणं, कपडे आणि चौथी मिठाची. माझं अक्षर आईसारखं वळणदार नाही पण 'ठ' जमला. मॅडमना म्हटलं हे वाच. पहिल्या तीन पट्ट्या पंख्याकडे बघून झाल्या, चौथीलाही 'तीट लावते' म्हणून झालं. म्हटलं परत वाच. परत तीट. मला आतून उकळ्या फुटत होत्या, चाळीस वर्षांनी आपण तिथेच आहोत, तोच सापळा, तोच उंदीर. म्हटलं, बोट ठेवून वाच. मग मॅडमनी सुस्कारा टाकला, खारीचे कण झटकले, बोट ठेवलं. था...थांब. मा झ्या. बा ळा ला. मी... मीठ.

थांबली. पट्टीकडे बघितलं. माझ्याकडे बघितलं.

'काका, मीठ म्हणजे सॉल्ट ना?'

'हो.'

'ती बाळाला मॅरिनेट करतेय?'

मी याला तयार नव्हतो. आणि खरा धक्का पुढेच होता, मी म्हटलं अगं, मूळ गोष्टीत तीट आहे, मी मुद्दाम बदललं, तर ती म्हणाली, 'पण तीट म्हणजे काय?' म्हणजे इतके दिवस ती जो शब्द धडाधड म्हणत होती तो तिला माहीतच नव्हता, आणि मिठाचं वाक्यच तिच्या आयुष्यात ऐकलेलं एकमेव शहाणं वाक्य होतं. मी तीट समजावली, काजळाचा ठिपका, गालावर, दृष्ट लागू नये म्हणून. ती म्हणाली दृष्ट म्हणजे? मी म्हटलं राहू दे.

मग तिने मार्कर हिसकावला. शुद्धलेखनाच्या दोन ओळींना डोळ्यातून पाणी काढणारी ही पोरगी, पाच पट्ट्या लिहून मोकळी. थांब माझ्या बाळाला मसला लावते. थांब माझ्या बाळाला दही लवते. थांब माझ्या बाळाला फिजमधे ठवते. काने गेले, मात्रा गेली, 'फ्रि'मधला रकार तर जन्मालाच आला नाही, मी काही बोललो नाही. पाचवी पट्टी तिने मला दाखवली नाही, घडी करून फ्रॉकच्या खिशात टाकली, आईला दाखवणारे म्हणाली. आता तिची आई मला काय म्हणेल ते वेगळंच.

संध्याकाळी आईला फोन लावला. म्हटलं, तुझं मीठ आज इकडे चाललं. तिला भारी वाटलं. पट्ट्यांचा डबा रिटायर होताना शाळेतच ठेवला म्हणाली, आता शाळेचा पट सातवर आलाय, कपाट असेल तर डबा असेल. मग मी म्हटलं, आठवतं का, पहिल्यांदा मी कसा ओरडलो होतो, मीठ हाय हितं म्हणून?

'तू?' आई म्हणाली. 'तो वरच्या वाडीतला होता रे, पुढचे दोन दात पडलेला. मिठ्ठ मिठ्ठ करत नाचला. तू कुठला, तू दिवाळीपर्यंत तीटच म्हणत होतास, खिडकीबाहेर बघत.'

म्हटलं, नाही गं, मला लख्ख आठवतंय. छत्र्या, खोळी, गुरुजी वरून डोकावले ते, सगळं.

'पाठ असेल तुला,' आई म्हणाली, आणि तुमच्याकडे पाऊस आहे का ते विचारायला लागली.