तुम्ही विचारलंत म्हणून: एक झोळी करायला किती दिवस लागतात?

दारामागे टांगलेली बांबूची झोळी दिसली की घरी आलेला माणूस हमखास दोन प्रश्न विचारतो. ही तुम्ही स्वतः केलीत? आणि एक करायला किती दिवस लागतात, म्हणजे मलाही एक करून द्याल का? पहिल्याचं उत्तर हो. दुसऱ्याला मी दरवेळी म्हणतो "पुढच्या पावसाळ्यात बघू" आणि समोरच्याचा चेहरा उतरतो, त्याला वाटतं मी टाळतोय. टाळत नाही हो, खरंच तेवढा वेळ लागतो. परवा ऑफिसातल्या एकाने परत विचारलं म्हणून आता एकदा नीट सांगून टाकतो.

आधी झोळी म्हणजे काय ते. गरीला मासा लागला की तो पाण्यातून वर घ्यायचं हातजाळं, बांबूचं गोल कडं, त्याला विणलेली पिशवी आणि मागे दांडा. आमच्या घरी त्याला झोळीच म्हणत आले. आमचं गाव कर्ली खाडीच्या काठाला, तिथे गरवायला बसलं की लहानसहान मासा दोरीनेच उचलता येतो पण तांबोशी किंवा चोणाकासारखा मोठा मासा लागला तर नुसत्या दोरीवर भरवसा ठेवून चालत नाही. पाण्यात असेपर्यंत माशाचं वजन जाणवत नाही, बाहेर काढला की सगळा भार गरी जिथे रुतलीय तेवढ्या ओठाच्या कातडीवर येतो, त्यात तो एकदा मान झटकतो आणि गेला. चोणाकाच्या कल्ल्याची कड तर ब्लेडसारखी, हाताने धरायला गेलात तर बोटं कापलीच म्हणून समजा. म्हणून झोळी.

दुकानात अॅल्युमिनियमची मिळते की, असंही विचारतात. मी घेतली होती एक. दुसऱ्या वर्षी खाऱ्या पाण्याने तिच्या सांध्यातला स्क्रू असा धरला की पक्कडीनेही हलेना, आणि पुढे जाळी फाटली तेव्हा तेवढी जाळी वेगळी कुठे मिळेना. बांबूच्या झोळीचं काहीही तुटलं तरी मला ते घरी बसून बदलता येतं, माझ्याकडची सगळ्यात जुनी झोळी तीनदा नवी विणलीय पण कडं तेच आहे.

तर दिवस किती. माझ्या हातांचं काम म्हणाल तर पाच-सहा संध्याकाळी. बाकीचे सगळे दिवस बांबूचे.

सुरुवात होते जत्रेला. आमच्या गावची जत्रा मार्गशीर्षात असते, मी रजा टाकून जातोच, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी चुलत भावाला घेऊन परसामागच्या बांबूच्या बेटात शिरतो. आमच्याकडे सिंधुदुर्गात माणगा जातीचा बांबू सगळीकडे, व्हाळाच्या म्हणजे ओढ्याच्या कडेला, कुंपणाला. बिनकाट्याचा आणि बुंध्याकडे जवळजवळ भरीव, मुठीत धरला की वजनदार लागतो. कळक ही दुसरी जात दिसायला जाड असली तरी आत पोकळ आणि वर काटेरी, ती या कामाला नको. बांबू म्हणजे गवतच, एका पावसात पूर्ण उंची गाठतो, नंतर उंचही होत नाही आणि जाडही होत नाही, फक्त आतून पिकत जातो. पहिल्या वर्षाच्या काठीवर पांढरी पावडर आणि पेराला पानपट्टे चिकटलेले असतात, दुसऱ्या वर्षी ती स्वच्छ हिरवी होते, आणि तिसऱ्या-चौथ्या वर्षी रंग मळतो, अंगावर पांढरट बुरशीचे ठिपके दिसायला लागतात. ती माझी. कोयत्याची मूठ मारली की आवाजही वेगळा येतो, कोवळीचा भदभद आणि जुनीचा टणक. आजोबा अंधाऱ्या पक्षातच तोडायचे, मीही तेच पाळतो. पावसात मात्र कधीच तोडायची नाही, तेव्हा बेटात नवे कोंब वर येत असतात, आत शिरलं की पायाखाली दोन-तीन मोडतातच, म्हणजे तीन वर्षांनंतरच्या काठ्या आपण आजच मारल्या.

(मध्येच सांगतो, कारण हेही बरेच जण विचारतात, बांबू तोडायला परवानगी लागते ना? १९२७ च्या वन कायद्यात बांबू झाडांमध्ये मोडायचा, २०१७ मध्ये कायद्यात बदल झाला, आता जंगलाबाहेरचा, आपल्या जमिनीतला बांबू झाड धरत नाहीत.)

तोडलेली काठी मग व्हाळात. पाच-सहा फुटांचे तुकडे करायचे, वाहत्या पाण्यात आडवे ठेवायचे, वर दगड. तीन आठवडे. बांबूच्या आत पिठूळ सत्त्व असतं, बांबू पोखरणाऱ्या भुंग्याला तेच हवं असतं, आणि पाणी ते हळूहळू धुऊन नेतं. काढताना वास येतो, नाक धरावं लागतं इतका, पण तो वास आला म्हणजे काम झालं. लहानपणी मी रोज जाऊन बघायचो, झालं का म्हणून विचारायचो, आजोबा एवढंच म्हणायचे, "वायच थांब, तेका पाणी पिवांदे."

एका वर्षी मी थांबलो नाही. नोकरी नवी, रजा कमी, गणपतीत गेलो होतो तेव्हाच काठी तोडली, भिजवली नाही, चार दिवसांत वाकवून कडं तयार केलं आणि दिसायला ते इतकं सुंदर झालं होतं की मी काकांना भेट म्हणून दिलं. जानेवारीत काकूने फोन केला, झोळी टांगलीय तिथे जमिनीवर रोज पिवळा भुसा पडतो, झाडून काढला की परत पडतो. काकांनी तरी ती वापरलीच, मी दिली होती ना. एका संध्याकाळी सुकतीच्या म्हणजे ओहोटीच्या वेळी मोठा चोणाक लागला, झोळीत आलाही, आणि उचलताना कडं सांध्याजवळ कट्‌कन मोडलं. मासा गेला त्याचं काका एका शब्दाने बोलले नाहीत. मोडलेलं कडं मी हातात घेतलं तेव्हा आत टाचणीच्या टोकाएवढी भोकं होती, शेकड्यांनी, बोटाने दाबलं तर चुरा. ते कडं मी ठेवलंय, पुढच्या वेळी घरी आलात की दाखवीन.

व्हाळातून काढलेले तुकडे चुलत भाऊ सावलीत उभे करून ठेवतो, उन्हात नाही, उन्हात चिरतात. शिमग्याला मी परत जातो तोपर्यंत ते बऱ्यापैकी वाळलेले असतात. मग फोडणं. हे मला सगळ्यात आवडणारं काम आणि सगळ्यात उशिरा जमलेलं. कोयता डोक्यावर बरोबर मध्ये ठेवायचा, वर एक ठोका, चीर सुरू झाली की मग मारायचं नाही, कोयता नुसता पिळत खाली न्यायचा. पेर आलं की टप्पकन आवाज होतो. आणि चीर नेहमी एका बाजूला पळायला बघते, एक फाळ जाड दुसरा पातळ व्हायला लागतो, तेव्हा जो जाड आहे तोच जास्त वाकवायचा, चीर आपोआप परत मध्ये येते. हात उलटं करायला बघतात, पातळ बाजू सोपी म्हणून तीच वाकवली जाते, आणि मग कामटी वाया. मला हे वाचून समजलं नसतं, आजोबांनी माझ्या हातांवर हात ठेवून वाकवून दाखवलं तेव्हा समजलं.

कड्यासाठी कामटी पाच फुटांची, कारण सोळा इंचांचं तोंड धरलं तर वेढ्याला पन्नास इंच जातात आणि दोन्ही टोकं दांड्याला बांधायला पाच-पाच इंच उरावी लागतात. आतला मऊ भाग तासून टाकायचा, बाहेरच्या हिरव्या पाठीला मात्र चाकू लावायचा नाही, सगळी ताकद त्या पाठीत. ओल्या फडक्याने पुसत पुसत निखाऱ्यावर शेकायची, जाळावर नाही, पाठ घामासारखी चमकायला लागली की पालथ्या टोपाभोवती थोडी वळवायची, परत शेकायची, परत थोडी. पेरावर सर्वात हळू, मोडते ती तिथेच. पूर्ण वळली की टोकं सुतळीने बांधून तशीच सोडायची.

मग ते कडं चुलीवरच्या माळ्यावर धुरात जातं आणि मे महिन्यापर्यंत तिथेच राहतं. आमच्या घरी गॅस आहे पण अंघोळीचं पाणी अजून चुलीवर तापतं म्हणून हे जमतं. धुराने ते तपकिरी होतं, आकार बसतो, सुतळी सोडली तरी उघडत नाही.

दांडा पेराच्या लगेच वर कापायचा, म्हणजे तोंडाशी पेर राहतं आणि दांडा फाटत नाही. कड्याची दोन्ही टोकं पातळ करून दांड्याच्या दोन बाजूंना बसवायची आणि बांधायची. आजोबा घायपाताचा वाख वळून बांधायचे, मी नायलॉनची दोरी वापरतो. वरून काजूच्या टरफलाचं तेल, तेच जे पूर्वी होड्यांना आणि जाळ्यांना लावत. हातमोजे घालून लावा, अंगाला लागलं तर फोड येतात.

राहिली पिशवी, ती मुंबईत होते. मेमध्ये कडं आणि दांडा घेऊन तुतारी एक्सप्रेसने परत येतो, सहा फुटांचा दांडा डब्यात सीटखाली कसा सरकवायचा हे आता जमलंय. सुई बांबूचीच, आस म्हणजे जाळ्याचं एकेक भोक एकसारखं यावं म्हणून बोटभर रुंदीची पट्टी. तोंडाला साठ आस, आठ ओळी सरळ, पुढे दर ओळीत काही ठिकाणी दोन आसांचा एक करत खाली निमुळती. गाठ घट्ट बसली पाहिजे, सरकणारी गाठ म्हणजे मोठं भोक. गावाला जून-जुलैच्या बंदीत होड्या वर घेतलेल्या असतात आणि पडवीत बसून लोक जाळी शिवत असतात, त्याच दिवसांत मी इथे बाल्कनीत विणत असतो, बाहेर पाऊस.

आता तुम्हीच मोजा. मार्गशीर्ष ते आषाढ. मी सुट्टी घेऊन सलग बसलो तरी यातला एक आठवडाही कमी होत नाही, उलट गावी जायच्या माझ्या वेळा आणि बांबूच्या वेळा इतक्या जुळतात की मला कधी घाई करावीशीच वाटली नाही. जपानमध्ये नदीवर मासे धरणारे अशीच झोळी करतात, त्याला तामो म्हणतात, ते एकाच झाडाची दुबेळकी फांदी घेऊन तिच्या दोन शाखा वळवून कडं करतात, दांडा आणि कडं एकाच लाकडाचं. व्हिडिओत बघितलं तर तिथेही वळवलेल्या फांद्या बांधून नुसत्या टांगून ठेवलेल्या होत्या, वाळत. बघून फार बरं वाटलं.

वापरायचं कसं तेही सांगतो, कारण झोळी देऊन उपयोग नाही जर माशाच्या मागे धावणार असाल तर. झोळी आधीच पाण्यात बुडवून ठेवायची, स्थिर. मासा दमला की दोरीने त्याचं डोकं झोळीकडे आणायचं, शेपटीकडून कधीच नाही, डोकं आत गेलं की तो पुढे पळायला बघतो आणि स्वतःच पिशवीत जातो. मग दांडा आडवा उचलायचा नाही, उभा करून आपल्याकडे ओढायचा, आडव्या दांड्यावर सगळं वजन सांध्यावर येतं.

पैसे घेत नाही, हेही विचारता म्हणून. यंदा जत्रेला गेलो तेव्हा दोन काठ्या जास्तीच्या तोडल्यात, आत्ता व्हाळात दगडाखाली आहेत. ज्याला हवीय त्याने दांडा किती लांब पाहिजे ते शिमग्याच्या आधी सांगा, धक्क्यावरून गरवणार असाल तर सहा फूट, होडीतून तर तीन पुरे.