काकांच्या पेटीवरचं नाव

फेब्रुवारीतला सोमवार होता. कणकवलीतलं माझं दुकान नुकतंच उघडलं होतं. देवगडकडचे एक बागायतदार काका दारात उभे होते, हातात घडी घातलेला कागद.
"गो बाय, ह्या जरा वाचून सांग."

बिल होतं, त्यांच्या वेबसाइटचं, ती सांभाळणाऱ्या एजन्सीने पाठवलेलं. डोमेन, म्हणजे वेबसाइटचं नाव, 3,000. होस्टिंग, म्हणजे साइट इंटरनेटवर ठेवायची जागा, 9,000. एसएसएल, म्हणजे साइटशी होणारी देवाणघेवाण सुरक्षित ठेवणारं प्रमाणपत्र, 5,000. एसईओ, म्हणजे गुगलवर शोधलं की साइट वर दिसावी यासाठीचं काम, 12,000. देखभाल 6,000. वर अठरा टक्के जीएसटी. एकूण 41,300 रुपये, आणि तीन दिवसांत भरले नाहीत तर साइट बंद. पहिल्या तोडीला जेमतेम दोन आठवडे होते. काकांची खरी धास्ती वेगळीच होती. वेबसाइटचं नाव छापलेल्या दोन हजार पेट्या त्यांच्या पडवीत येऊन पडल्या होत्या.

मी साइट उघडली. पहिल्याच पानावर लालचुटूक गालांचा आंबा. काका स्क्रीनकडे वाकले आणि त्यांचा चेहराच उतरला. "ह्यो आमचो आंबो न्हय!" दोन वर्षं त्यांच्या नावाने दुसऱ्याच कुठल्या जातीचा आंबा लोकांना दिसत होता. हापूसला 2018 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. त्याचं वापरकर्ता म्हणून नोंदणीचं प्रमाणपत्र काकांनी घरी फ्रेम करून लावलंय. साइटवर त्याचा एका ओळीचाही उल्लेख नव्हता.

मग बिलातली एकेक रक्कम पडताळत गेले. पत्त्याशेजारच्या चिन्हावर क्लिक करून एसएसएलचं प्रमाणपत्र पाहिलं. ते 'लेट्स एन्क्रिप्ट'चं होतं. ही संस्था प्रमाणपत्रं फुकट देते आणि त्यांचं नूतनीकरण आपोआप होतं. त्याचे पाच हजार! एसईओ म्हणाल तर पानाचं शीर्षक नुसतं 'होम', आणि गुगल मॅपवर काकांच्या बागेचा पत्ताच नाही. शेवटी डोमेनची नोंद काढली. मुदत संपायला अजून एक वर्ष होतं. पण मालकाच्या रकान्यात काकांचं नाव नव्हतं, एजन्सीचं होतं.

माझ्या पोटात गोळा आला तो हे वाचून. होस्टिंग कुठेही मिळतं, पानं दोन दिवसांत पुन्हा उभी करता येतात. पण पेटीवर छापलेलं नाव दुसऱ्याच्या हातात असेल तर तो सांगेल ती किंमत मोजावी लागते. काकांना म्हटलं, "पैशांवरून भांडायचं नंतर बघू. आधी नाव सोडवून घेऊ."

स्पीकरवर एजन्सीला फोन लावला. पलीकडचा मुलगा आधी पूर्ण बिल भरा म्हणाला. मी शांतपणे सांगितलं, डोमेन दुसऱ्या कंपनीकडे हलवायचंय, त्याला लागणारा ऑथ कोड, म्हणजे पासवर्डसारखा गुप्त कोड, द्या, आणि द्यायचा नसेल तर कारण ईमेलने कळवा. थोडा वेळ तो काहीच बोलला नाही, मग साहेबांना विचारतो म्हणाला. देखभालीचे पैसे द्यावेत असं माझंच मत होतं. दोन वर्षं काकांनी फोन केला की ती माणसं भाव बदलून देत होती, ते काम खरं होतं. काकांनी 7,080 रुपये तिथल्या तिथे पाठवले. संध्याकाळी सहाच्या सुमारास कोड आला.

इथे एक गोष्ट सांभाळावी लागते. रजिस्ट्रार, म्हणजे डोमेनची नोंदणी ठेवणारी कंपनी, बदलण्याआधीच मालकाचं नाव बदललं, तर बरेचदा डोमेन साठ दिवस हलवता येत नाही. साठ दिवस म्हणजे निम्मा हंगाम! म्हणून आधी काकांच्या स्वतःच्या नावाने नव्या रजिस्ट्रारकडे खातं उघडलं आणि तिथेच डोमेन आणायला लावलं. हजारभर रुपये लागले. डॉट कॉम असल्यामुळे त्यात एक वर्षाची मुदतही वाढून मिळाली.

हे व्हायला पाच दिवस लागले. तेवढ्यात मी नवं पान केलं, एकच. काकांच्या मुलाने बागेत मोबाइलवर काढलेले फोटो सहा-सहा एमबीचे होते, ते दोनशे केबीपर्यंत आणले, कारण त्यांच्या वाडीत नेटवर्कची एक कांडी मिळाली तरी नशीब. डझनाचा भाव, पेटीचा भाव, मानांकनाचं प्रमाणपत्र, आणि खाली ठळक व्हॉट्सअॅपचं बटण. पेमेंट गेटवे, म्हणजे साइटवरच पैसे भरायची सोय, लावलाच नाही, कारण त्यांचं गिऱ्हाईक आधी बोलतं, मग पैसे पाठवतं. असं साधं पान क्लाउडफ्लेअर नावाच्या कंपनीच्या सेवेवर फुकट ठेवता येतं. मॅपवरच्या नोंदीसाठी गुगलला व्हिडिओ हवा होता. मुलाने रस्त्यावरच्या पाटीपासून सुरुवात केली, काका किल्लीने शेडचं कुलूप उघडताना दाखवले आणि आत अढीसाठी आणून ठेवलेल्या गवतापर्यंत आला. नोंद मंजूर झाली.

माझे चार हजार मी घेतले. माझी मेहनत होती आणि काकांनीही घासाघीस केली नाही.

डोमेन आल्याचा ईमेल शनिवारी दुपारी आला. त्यांना फोन केला तेव्हा ते बागेत होते. "आता ह्या नाव माझा मां?" त्यांनी दोनदा विचारलं. मंगळवारी मुद्दाम दुकानात आले आणि पावतीची प्रिंट मागितली. मी म्हटलं, काका, ती तुमच्या ईमेलमध्ये आहे, कधीही बघता येईल. तरी त्यांना कागदच हवा होता. पिशवीतून सातबाऱ्याची फाइल काढून त्यांनी तो कागद तिच्यात सगळ्यात वर लावला.