खिशातला ठराव

विधान परिषद हवी कशाला, हा प्रश्न आपल्याकडे दर काही वर्षांनी निघतो आणि तसाच मागे पडतो. या वादाविषयी वाचत असताना विधिमंडळाचे एकच सभागृह असलेल्या अमेरिकेतील नेब्रास्का राज्याचा उल्लेख आला आणि त्या वाटेने मी जॉर्ज विल्यम नॉरिस यांच्यापर्यंत पोहोचलो. वकील, न्यायाधीश, दहा वर्षे प्रतिनिधिगृहाचे सदस्य आणि पुढे तीस वर्षे सिनेटर अशी त्यांची कारकीर्द आहे. त्यांचे नाव निघते ते बहुधा टेनेसी खोऱ्यातील धरणांमुळे. मला मात्र त्या धरणांपेक्षा कामकाजाच्या नियमांत त्यांनी केलेले फेरफार अधिक मोलाचे वाटतात.

त्यांचा जन्म १८६१ साली ओहायोतील एका शेतकरी कुटुंबात झाला. वडील त्यांच्या अगदी लहानपणी वारले. १८८३ मध्ये वकिलीची पदवी घेऊन ते दोन वर्षांनी नेब्रास्कात आले आणि तेथे इतर कामांबरोबर रेल्वे कंपनीचीही वकिली करू लागले. १८९५ मध्ये ते जिल्हा न्यायाधीश म्हणून निवडून आले. ते दिवस अवर्षणाचे आणि मंदीचे होते. गहाण जमिनींचे दावे त्यांच्यापुढे येत, तेव्हा होतकरू शेतकऱ्याला सावरायला मुदत मिळावी म्हणून ते कायद्यात बसेल तेवढी सवलत देत.

१९०३ पासून ते रिपब्लिकन पक्षाचे सदस्य म्हणून वॉशिंग्टनमध्ये बसू लागले. प्रतिनिधिगृहाचे सभापती जोसेफ कॅनन हे त्यांच्याच पक्षाचे होते. कोणता सदस्य कोणत्या समितीवर जाणार, हे कॅनन ठरवत आणि कोणते विधेयक केव्हा चर्चेला येणार, हे ठरवणाऱ्या पाच जणांच्या नियम समितीचे अध्यक्षही तेच असत. म्हणजे सभापतींचा अधिकार कमी करणारा ठराव मांडायचा, तर तो सभापतींच्याच परवानगीने मांडावा लागणार!

नॉरिस यांनी असा ठराव लिहून बरेच दिवस कोटाच्या खिशात ठेवला होता. १७ मार्च १९१० रोजी त्यांना संधी मिळाली. जनगणना संविधानानेच सांगितलेली आहे, या कारणाने जनगणनेसंबंधीचा एक प्रस्ताव इतर कामाच्या आधी घेण्यात आला होता. नॉरिस उठले आणि म्हणाले की, आपले नियम आपण ठरवण्याचा सभागृहाचा अधिकारही संविधानातच लिहिलेला आहे, तेव्हा माझ्या ठरावालाही तोच अग्रक्रम मिळाला पाहिजे. त्यांनी खिशातून काढलेला कागद इतके दिवस बाळगून घड्यांवर पार विरला होता. विरोधकाचाच दाखला त्याच्यावर उलटवायचा, ही मुरलेल्या वकिलाची चाल होती. त्या दिवशी सेंट पॅट्रिक्स डे असल्यामुळे कॅनन यांचे अनेक समर्थक सभागृहात नव्हते, त्यामुळे त्यांच्या बाजूने वेळकाढूपणा सुरू झाला. चर्चा रात्रभर चालली आणि गैरहजर सदस्यांना शोधून आणण्यासाठी माणसे धाडण्यात आली. १९ तारखेला कॅनन यांनी ठराव नियमबाह्य ठरवला, तेव्हा सभागृहाने तो निर्णयच फिरवला आणि १९१ विरुद्ध १५६ मतांनी ठराव संमत केला. नियम समिती दहा जणांची झाली, तिचे सदस्य सभागृहाने निवडायचे ठरले आणि सभापतींना तिच्यात जागा उरली नाही. कॅनन यांना पदावरून काढण्याचा प्रस्ताव मात्र फेटाळला गेला. बंडखोरांपैकी बहुतेकांचे भांडण माणसाशी नव्हतेच.

१९१३ मध्ये नॉरिस सिनेटमध्ये गेले. १९१७ मध्ये व्यापारी जहाजांवर शस्त्रे बसवण्याचे विधेयक लांबलचक भाषणे करून रोखणाऱ्या मोजक्या सिनेटरांत ते होते, त्यामुळे देशभर त्यांच्यावर टीकेची झोड उठली. त्यांनी नेब्रास्काची राजधानी असलेल्या लिंकन शहरात स्वतः एक सभागृह भाड्याने घेतले. अध्यक्षस्थान स्वीकारायला कोणी पुढे येईना, म्हणून ते एकटेच व्यासपीठावर गेले आणि तुम्हाला खरे काय ते सांगायला मी घरी आलो आहे, एवढ्यावर भाषणाची सुरुवात केली. अनपेक्षितपणे टाळ्यांचा कडकडाट झाला. काही दिवसांनी, ४ एप्रिलला, पहिल्या महायुद्धात उतरण्याच्या विरोधात मत देणाऱ्या सहा सिनेटरांत त्यांचे नाव होते. ८२ मते युद्धाच्या बाजूने पडली.

टेनेसी नदीवर सरकारी पैशातून बांधलेले विल्सन धरण हेन्री फोर्ड यांना भाडेपट्ट्याने देण्यास त्यांनी विरोध केला. ते सरकारनेच चालवावे यासाठीचे त्यांचे विधेयक १९२८ मध्ये राष्ट्राध्यक्ष कूलिज यांनी सही न करता बारगळू दिले, १९३१ मध्ये त्यांच्यानंतरचे राष्ट्राध्यक्ष हूवर यांनी नकाराधिकार वापरला आणि अखेर १८ मे १९३३ रोजी राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी टेनेसी खोरे प्राधिकरणाच्या कायद्यावर सही केली. त्याच वर्षी नॉरिस यांनीच लावून धरलेली विसावी घटनादुरुस्तीही संमत झाली. निवडणुकीत पडलेले सदस्य त्यानंतरही मार्चपर्यंत कायदे करीत बसत, ती ‘लेम डक’ अधिवेशनांची प्रथा या दुरुस्तीमुळे मोडली.

मधे १९३० मध्ये त्यांना पाडण्यासाठी जॉर्ज डब्ल्यू. नॉरिस याच नावाचा एक किराणा दुकानदार उभा करण्यात आला. मतपत्रिकेवर तंतोतंत सारखी दोन नावे आली असती, तर कोणते मत कोणाचे, हे सांगताच आले नसते. त्याचा अर्ज मुदतीनंतर पोहोचल्यामुळे न्यायालयाने तो बाद ठरवला. नामसाधर्म्याचा हा खेळ आपल्या मतदारांना नवा नाही, पण आपल्याकडे निदान चिन्हे तरी वेगळी असतात.

आता मूळ मुद्दा. नेब्रास्कात दोन सभागृहांचे मतभेद मिटवायला संयुक्त समिती बसे. खरा कायदा त्या बंद दाराआड ठरतो आणि जबाबदारी कोणाचीच राहत नाही, असे नॉरिस यांचे म्हणणे होते. १९३४ मध्ये सत्तरी ओलांडलेली असताना ते मोटारीने राज्यभर फिरले आणि मतदारांनी एकच सभागृह ठेवण्याची, तेही पक्षाच्या नावाशिवाय निवडण्याची दुरुस्ती स्वीकारली. आधीच्या १३३ सदस्यांच्या जागी १९३७ मध्ये ४३ सदस्य आले. आपल्याकडे ही तुलना तशीच्या तशी लागू होत नाही. विधानसभेने विधेयक दुसऱ्यांदा संमत केले की ७८ सदस्यांची विधान परिषद ते फार काळ अडवू शकत नाही आणि अशी समितीही बसत नाही. त्यामुळे परिषदेच्या विरोधात नॉरिस यांचे नाव घेणाऱ्यांनी त्यांचा आक्षेप नेमका कशाला होता, हे आधी पाहावे.

१९४२ मध्ये अपक्ष म्हणून लढताना ते हरले आणि १९४४ च्या सप्टेंबरमध्ये मॅककूक या आपल्या गावी वारले. लिंकनचे विधानभवन दोन सभागृहांच्या हिशेबाने बांधलेले आहे. त्याच्या पश्चिमेकडील दालनात आज कायदे होतात आणि त्या दालनाला नॉरिस यांचे नाव आहे. पूर्वेकडील दालनात पूर्वी राज्याचे सिनेट बसत असे.