शुगर उतरली, एलडीएल चढलं : माझा किटोचा अनुभव

किटो (भात-भाकरी जवळपास बंद आणि फॅट भरपूर असं डाएट) करून माझी शुगर उतरली हे खरं, आणि त्याच किटोत माझं एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, 124 वरून 182 वर गेलं हेही खरं. त्यामुळे "हे डाएट चांगलं का वाईट, एका शब्दात सांगा" असं कुणी म्हणालं की मी गप्पच बसते. स्टाफरूममध्ये सगळ्यांना एका शब्दातच पाहिजे असतं.

मी शाळेत शिकवते, सांगलीत राहते, वय अठ्ठेचाळीस. वडिलांना डायबेटिस होता, आईला आहे. माझं एचबीएवनसी (गेल्या तीनेक महिन्यांची सरासरी शुगर सांगणारी तपासणी) 7.4 आलं तेव्हा डॉक्टरांनी मेटफॉर्मिन ही डायबेटिसची गोळी सुरू केली आणि म्हणाले वजन कमी करा. आता वजन कमी करा म्हटलं की आपल्याकडे पहिलं नाव निघतं दीक्षित डाएटचं, दिवसातून दोनदाच जेवायचं आणि 55 मिनिटांत संपवायचं, आमच्या शाळेतले निम्मे लोक ते करून बसलेत. पण माझा प्रॉब्लेम किती वेळा खाते हा नव्हताच, दोन वेळा जेवले तरी त्या दोन्ही वेळी भात-भाकरीच पुढ्यात येणार होती. म्हणून एका आहारतज्ज्ञ बाईंकडे गेले आणि त्यांनी किटोचा तक्ता दिला, दिवसाला 50 ग्रॅमच्या आत कार्ब (म्हणजे पिष्ट आणि साखर), प्रोटीन बेताचं, बाकी सगळं फॅट.

50 ग्रॅम म्हणजे किती ते स्वयंपाकघरात उभं राहिल्याशिवाय कळत नाही. शाळूची एक मध्यम भाकरी पस्तीस-चाळीस ग्रॅम खाऊन टाकते. एक वाटी घट्ट वरण पंधरा-वीस. म्हणजे एक भाकरी आणि एक वाटी वरण, संपला तुमचा दिवस, अजून भाजीतले कांदे-टोमॅटो धरलेलेच नाहीत. सासूबाईंनी माझं ताट बघितलं, वांग्याचं भरीत, त्यावर तूप, दोन अंड्यांची पोळी, काकडी, आणि म्हणाल्या, "अगं, भाकरीबिगर कसलं जेवण हे, पाहुण्यासारखी कडंकडंनं खातीयास." फ्लॉवर किसून त्याचा "भात" करतात तोही करून बघितला. किसलेला फ्लॉवर फडक्यात बांधून घट्ट पिळायचा, मग तुपावर परतायचा, झाकण अजिबात ठेवायचं नाही, ठेवलं की लगदा. चवीला वाईट नाही, फक्त त्याला भात म्हणू नका.

पहिल्या आठवड्यात तीन किलो उतरले आणि घरात एकदम माझी वट वाढली, पण ते बहुतेक पाणीच असतं. शरीरात ग्लायकोजेनचा, म्हणजे साठवलेल्या साखरेचा, जो साठा असतो ना, त्याच्या एका ग्रॅममागे साधारण तीन ग्रॅम पाणी धरलेलं असतं, साठा संपला की पाणी जातं. शिवाय इन्सुलिन खाली आलं की किडनी मीठही बाहेर टाकते, म्हणून डोकं दुखतं, गळून गेल्यासारखं होतं, रात्री पायात गोळे येतात. ताकात मीठ घालून आणि लिंबूपाणी मिठाचं पिऊन ते बरंच आवरलं (बीपी असेल तर हे डॉक्टरांना विचारूनच करा). तोंडाला नेलपॉलिश रिमूव्हरसारखा वास यायचा, तो अॅसिटोनचाच असतो, मुलगा नाक धरून बोलायचा. आणि पोट साफ न होणं, हा विषय कुणी बोलत नाही पण सगळ्यांना होतो. मेथी, पालक, दोडका आणि जवसाची चटणी, यावरच निभावलं.

उपवासाचं मात्र गणितच उलटं झालं. साबुदाणा म्हणजे निव्वळ स्टार्च, भगर तशीच, बटाटा-रताळं तसंच. म्हणजे किटोवाल्या माणसाने एकादशीला उपवासाचं खाल्लं तर रोजच्यापेक्षा जास्त कार्ब पोटात! मी शेंगदाण्याची आमटी, दही आणि खोबऱ्याच्या तुकड्यांवर काढायचे.

एक गोष्ट इथेच सांगून टाकते कारण ती महत्त्वाची आहे. माझं बघून माझ्या दिरांनाही किटो सुरू करायचं होतं. त्यांना डापाग्लिफ्लोझिनची गोळी चालू आहे, ती लघवीवाटे साखर बाहेर टाकते. डॉक्टरांनी त्यांना सरळ नाही सांगितलं. त्या गटातल्या गोळ्या आणि किटो एकत्र झालं तर कीटोअॅसिडोसिस होऊ शकतो, म्हणजे रक्तात आम्ल वाढून जिवावर बेतू शकतं, आणि त्यातली वाईट गोष्ट अशी की शुगर फार वाढलेली दिसत नाही, त्यामुळे माणूस ग्लुकोमीटर बघून निर्धास्त राहतो आणि उलट्या होतात त्याला अॅसिडिटी समजतो. ग्लिमेपिराइडसारखी गोळी किंवा इन्सुलिन असेल तर उलटा धोका, शुगर खूप खाली जाऊ शकते, डोस आधी कमी करावा लागतो. माझी फक्त मेटफॉर्मिन होती म्हणून मला हे त्रास नव्हते. यूट्यूबवर बघून परस्पर सुरू करणाऱ्यांनी निदान एवढं तरी वाचावं.

पहिल्या मोठ्या तपासणीत एचबीएवनसी 6.1 आलं. ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) 238 होते ते 120 वर, एचडीएल म्हणजे चांगलं कोलेस्टेरॉल थोडं वर. सगळे खूश. आणि त्याच कागदावर खाली एलडीएल 182, ठळक अक्षरात. ज्यांनी तक्ता दिला त्या बाई म्हणाल्या किटोत असं होतंच, ट्रायग्लिसराइड कमी आहेत ना, मग काळजी नको. आमच्या डॉक्टरांना हे अजिबात पटलं नाही. ते म्हणाले, "मॅडम, शुगर कमी करायची ती कशासाठी? हार्ट आणि किडनी वाचावी म्हणूनच ना? मग एका हाताने द्यायचं आणि दुसऱ्याने काढून घ्यायचं कशाला?" मला त्यांचं पटलं, एलडीएल धमन्यांत साचतं याबद्दलचा पुरावा इतका भक्कम आहे की "किटोमध्ये ते वेगळं असतं" हे म्हणणाऱ्यानेच आधी सिद्ध करून दाखवावं.

मग मी जरा वाचायला बसले. किटो मुळात वजनासाठी निघालेलंच नाही, 1921 मध्ये अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या रसेल वाइल्डर यांनी ते फिट्स येणाऱ्या पेशंटसाठी सुचवलं, आणि औषधांना दाद न देणाऱ्या मुलांना ते आजही देतात. पण तिथेही ते जन्मभराचं नसतं, चांगला गुण आला तर साधारण दोन वर्षांनी हळूहळू सोडवतात, आणि तोवर मुतखडा, हाडं, वाढ यावर लक्ष ठेवून असतात. डायबेटिसचं म्हणाल तर 2021 मध्ये बीएमजे या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात बऱ्याच चाचण्या एकत्र करून बघितल्या होत्या, लो-कार्बवाल्यांची शुगर सहा महिन्यांना नक्कीच जास्त आटोक्यात होती, पण वर्षाला तो फायदा बराच ओसरला. लोक दमतात, दुसरं काय.

वर्षानुवर्षांचं उत्तर देईल असा 2018 चा लॅन्सेट पब्लिक हेल्थ या नियतकालिकातला अभ्यास आहे, अमेरिकेतली पंधरा हजारांवर माणसं, त्यांच्यावर साधारण 25 वर्षं लक्ष ठेवलेलं. त्यात कार्ब फार कमी खाणारे आणि फार जास्त खाणारे, दोघांतही मृत्यू जास्त, मधले बरे. पण कार्बच्या जागी मटण-चिकन घेणाऱ्यांचं वाईट आणि भाज्या-सुकामेवा-शेंगदाण्यांसारखं घेणाऱ्यांचं चांगलं असं त्यात निघालं. आता हे लोकांना काय खाल्लं ते विचारून केलेले अभ्यास, शिवाय त्यातले "कमी कार्ब" म्हणजे दिवसाच्या कॅलरींपैकी 40 टक्क्यांच्या आत, किटो नव्हेच. तरी मला त्यातून जे घ्यायचं ते मिळालं, की भाकरी किती काढली यापेक्षा तिच्या जागी काय ठेवलं ते बघायला पाहिजे.

आणि आपलं शरीर वेगळं आहे हेही. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. युडकिन यांचा एक शेजारी-शेजारी फोटो 2004 मध्ये लॅन्सेटमध्ये आला होता, दोघांचाही बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) 22.3, पण चरबी युडकिन यांची 9.1 टक्के आणि याज्ञिकांची 21.2. दिसायला दोघं सारखेच सडपातळ! तो फोटो बघितल्यावर मी परदेशातल्या धष्टपुष्ट किटोवाल्यांचे रिपोर्ट स्वतःला लावायचं सोडून दिलं.

डॉक्टर कोलेस्टेरॉलची गोळी लगेच सुरू करणार होते, मी तीन महिने मागून घेतले. कार्ब तेवढेच ठेवले आणि फक्त फॅट बदललं. तुपात साठ टक्क्यांच्या वर सॅच्युरेटेड फॅट (एलडीएल वाढवतं ते), खोबऱ्याच्या तेलात नव्वदच्या आसपास, शेंगतेलात वीसच्या आत, एवढं साधं गणित. कॉफीत घातलेलं लोणी बंद, चीज बंद, तूप वासापुरतं चमचाभर. त्याच्या जागी शेंगदाण्याचं दाटसर कूट घातलेल्या भाज्या, जवस-कारळ्याची चटणी, मूठभर बदाम, बुधवार-रविवार मासे. एलडीएल 182 वरून 139 झालं. माझं झालं म्हणून सगळ्यांचं होईल असं नाही, काहींना गोळी लागतेच आणि ती घ्यावी.

मग हळूहळू कार्बही सोडले, म्हणजे वाढवले. इंडियाब या देशभरातल्या डायबेटिस-पाहणीच्या आकड्यांवरून 2022 मध्ये आपल्याच लोकांनी हिशेब मांडला होता, नव्या डायबेटिसवाल्यांसाठी कार्ब 49 ते 54 टक्के, प्रोटीन वीसच्या आसपास. आपण खातो साठ-सत्तर टक्के. म्हणजे किटोपर्यंत न जाताही बरंच काही करता येतं. मी त्या दोन्हींच्या मध्ये कुठेतरी आहे. दुपारी एक पातळ भाकरी, एक वाटी मटकीची नाहीतर मुगाची उसळ, रात्री भाजी आणि अंडी किंवा पनीर, भात रविवारी. एचबीएवनसी 6.4 आहे, किटोतल्यापेक्षा जरा वर, पण मेटफॉर्मिनचा डोस निम्मा झालाय आणि मी चार माणसांत बसून जेवते. सासूबाईंचा आक्षेप आता फक्त भाकरीच्या जाडीवर आहे.

दर सहा महिन्यांनी लिपिड (कोलेस्टेरॉल वगैरे), क्रिएटिनिन (किडनीसाठी), युरिक अॅसिड करते, वर्षातून एकदा बी-12, कारण मेटफॉर्मिनने ते उतरतं. पुढची तपासणी दिवाळीच्या आधी उरकून घे असं ह्यांचं म्हणणं आहे, म्हणजे रिपोर्ट चांगला येईल. मी नंतरच करणार आहे. चकली-करंजीसकट काय येतंय तेच मला बघायचंय.