ऑर्गनवाल्यांचं मंडळ करतं तरी काय?

संगीत नाटकाच्या मध्यंतरात हा प्रश्न हमखास येतो. वडापाव संपवून दोन-चार प्रेक्षक ऑर्गनपाशी जमतात. कुणी वाकून खालचे पायटे बघतं, कुणी आजोळी असाच एक होता म्हणून सांगतं. मग विचारतात, "मुंबईत ऑर्गन वाजवणाऱ्यांचं म्हणे मंडळ आहे? तुम्ही माणसं ती किती, त्यात मंडळ कशाला? आणि करता काय?" तेवढ्यात घंटा होते, म्हणून मी एका शब्दात सांगते, "उचलतो." लोक हसतात. पण उत्तर खरं आहे. तुम्ही इतक्यांदा विचारलंत म्हणून आज सविस्तर सांगते.

तबलजी आपला तबला-डग्गा खांद्याला लावून लोकलनं येतो. पेटीवाले पेटी आणतात. ऑर्गनवाल्याला वाद्य आणता येत नाही. आमचा ऑर्गन म्हणजे चर्चमधला नळ्यांचा नव्हे, पायपेटी. साधारण पाच सप्तकं, ६१ पट्ट्या, खाली दोन पायटे, पोटात भाते आणि पितळी रीडांची, म्हणजे हवेनं थरथरणाऱ्या जिभांची, रांग. उभा ऑर्गन हलवायला चार माणसं आणि एक छोटा हत्ती टेम्पो लागतो. घडीचा ऑर्गन मिटून खोक्याएवढा होतो खरा, पण गिरगावातल्या जुन्या चाळीच्या तिसऱ्या मजल्यावरून तो एकट्यानं उतरवून दाखवावा. टॉवरमध्ये राहणाऱ्यांचं दुखणं वेगळं. तिथे वॉचमन सामानाची लिफ्ट दुपारी बारानंतर सुरू होईल म्हणतो आणि प्रयोग दादरला साडेतीनचा असतो.

मुळात मुंबईतल्या घरात ऑर्गन ठेवायचा कुठे? त्यामुळे हे वाद्य एकट्यानं बाळगता येत नाही आणि म्हणून मंडळ आहे. कलेची सेवा वगैरे नंतर. आधी जागा, चार खांदे आणि एक स्क्रू ड्रायव्हर.

आमच्याकडचे निम्मे ऑर्गन रिडेव्हलपमेंटनं दिलेत. इमारत पाडायची असते, जागा रिकामी करायची नोटीस आलेली असते आणि मग फोन येतो, "आजोबांचा ऑर्गन आहे. घेऊन जा, पण शनिवारच्या आत." आम्ही बघायला जातो. पुष्कळदा नाही म्हणून येतो. बाहेरून सागवानी नक्षी झकास असते आणि आत वाळवीनं सगळं पोखरून ठेवलेलं असतं. नाही म्हटलं की लोकांना राग येतो. बरोबरच आहे, त्यांच्या आजोबांचं वाद्य आहे. पण ज्यातला रीडांचा फळा तडकला आहे तो ऑर्गन पुन्हा वाजत नाही, त्याचं सुंदर कपाट होतं. कपाटं ठेवायला आमच्याकडे जागा नाही. एका सभासदाचा लालबागला छापखाना होता, तो बंद झाल्यावर त्याचा तळमजला त्यांनी आम्हाला वापरायला दिला. तेच आमचं कार्यालय, गोदाम आणि दवाखाना.

दवाखान्याचा खरा हंगाम पावसाळा. जूनमध्ये लाकूड फुगतं, पट्टी दाबली की खालीच बसते. उंदरांना फेल्ट आवडतं, झुरळांना सरस. भात्याचं रबरी कापड सुकून भेगाळतं आणि तसलं कापड आता मिळत नाही. रेक्झिन लावून पाहिलं, ते ताठ पडतं, भाता मोकळा उघडत नाही. पण सगळ्यात जास्त तक्रारी येतात त्या एखादा सूर मुका झाल्याच्या, आणि त्याचं कारण बहुतेक वेळा धुळीचा एक कण. इथे थोडं आतलं सांगते. हातपेटीत भाता हवा रीडांतून बाहेर ढकलतो. आपल्याकडे आलेले बहुतेक ऑर्गन अमेरिकी पद्धतीचे, त्यांचे भाते हवा आत ओढतात. त्यामुळे सूर जरा मऊ, गोल येतो. पण हवा ओढायची म्हणजे लालबागची धूळही ओढायची. कण रीडच्या जिभेखाली बसला की सूर गप्प. वाकड्या टोकाच्या आकड्यानं ते रीड खाचेतून बाहेर ओढायचं, ब्रशनं झाडायचं, परत बसवायचं. सूर उतरला असेल तर जिभेच्या टोकाकडे अगदी हलकं खरवडायचं, म्हणजे टोक हलकं होऊन सूर चढतो. चढला असेल तर बुडाकडे खरवडायचं. हे नव्या मुलांना पहिल्या दिवशी करू देत नाही. पितळ खरवडून जातं, परत येत नाही.

बोस्टनची मेसन अँड हॅमलिन, व्हरमाँटमधल्या ब्रॅटलबरोची एस्टी या ऑर्गन बनवणाऱ्या अमेरिकी कंपन्यांची नावं आमच्या बैठकीत घरच्या माणसांसारखी घेतली जातात. एकट्या एस्टीनं पाच लाखांहून जास्त पायपेट्या बनवल्या. त्या तिकडच्या बैठकीच्या खोल्यांसाठी आणि लहान चर्चसाठी होत्या. आपल्या रंगभूमीनं त्यांना पदं वाजवायला लावलं आणि याचं कारण अगदी व्यवहारी होतं. किर्लोस्करांच्या काळात साथीला सारंगी असे. मग पेटी आली. 'मानापमान' १९११ साली मुंबईत रंगमंचावर आलं, त्याच्या चाली गोविंदराव टेंब्यांच्या, आणि ते स्वतःच नाणावलेले पेटीवादक. पण पेटीत एक हात भात्यावर अडकतो. ऑर्गनचा भाता पायावर, म्हणजे दोन्ही हात मोकळे. शिवाय तेव्हा माइक नव्हते, नाटकगृह मोठं, पद तास तास रंगायचं. अखंड, भरदार सूर हवा होता. गंधर्व नाटक मंडळीत बालगंधर्वांच्या मागे कादरबक्षांची सारंगी, तिरखवाँसाहेबांचा तबला आणि हरिभाऊ देशपांड्यांचा ऑर्गन, असा तो थाट होता. त्यानंतर संगीत नाटक म्हटलं की ऑर्गन आलाच. आकाशवाणीनं १९४० साली पेटीला दार बंद केलं आणि ते १९७१ पर्यंत उघडलं नाही. रंगमंचावर मात्र त्या सगळ्या वर्षांत पायटे चालूच होते. माझ्या पिढीचे कान घडवले ते ऑर्गनवादक गोविंदराव पटवर्धनांनी. ते १९९६ साली गेले. अजूनही आमच्यातल्या कुणी एखादी जागा जास्तच सफाईदार घेतली की मागून कुणीतरी म्हणतंच, "गोविंदरावांची आहे ती, उगाच ऐट नको."

आता त्या वहीबद्दल सांगते, कारण मंडळाची खरी मालमत्ता ऑर्गन नसून वही आहे.

संगीत नाटकात ऑर्गनवाला एकच असतो. तो तापानं पडला तर प्रयोग पडतो. नुसता कुणी वाजवणारा आणून भागत नाही. प्रत्येकाची गाण्याची पट्टी, म्हणजे सा धरायचा सूर, वेगळी: नायक काळी एकमध्ये गातो, नायिका काळी चार किंवा पांढरी पाचमध्ये. एक पद संपून दुसरं सुरू होईपर्यंत मध्ये चार वाक्यं असतात आणि तेवढ्यात बोटांनी अख्खं घर बदलायचं असतं. ऑर्गनला स्केल चेंजर नसतो. तेच पद तीच गायिका घसा बसला असेल तर अर्धा सूर खाली घेते आणि ते विंगेत जाताना खुणेनं सांगते. कुठल्या पदाला वन्समोअर येतो, तो कुठून घ्यायचा, कुठल्या वाक्यावर सूर द्यायचा, कोण सूर मागतो आणि कोणाला सूर दिलेला आवडत नाही, हे सगळं त्या वहीत आहे. नाटकवार, नटसंचवार. एकाला नाइट, म्हणजे ठरलेला प्रयोग, करता येत नसेल तर दुसरा आदल्या रात्री वही वाचून जातो. पूर्वी हे ज्ञान ज्याचं त्यानं कुलपात ठेवलेलं असे, कारण दुसऱ्याला कळलं की आपली नाइट गेली, ही भीती. ती भीती खोटी नव्हती. नाइटी थोड्या, वाजवणारे त्यांहून थोडे का असेनात, पण पाकीट एकच. वही उघडी करायला म्हाताऱ्या मंडळींनी फार आढेवेढे घेतले. शेवटी ठरलं की बदली जाणाऱ्यानं ती एक नाइट करायची, पुढच्या तारखा मूळ माणसाच्याच. हा नियम आजवर पाळला गेलाय. मुंबईतल्या किती मंडळांना हे म्हणता येईल, मला शंका आहे.

एकच ऑर्गनवाला असण्याचा दुसरा परिणाम असा की आम्ही एकमेकांना कधी ऐकतच नाही. तबलजी तबलजीला ऐकतो, गायक गायकाला. माझा प्रयोग असतो तेव्हा दुसरा ऑर्गनवाला ठाण्याला गडकरी रंगायतनात बसलेला असतो. म्हणून महिन्यातून एका रविवारी दवाखान्यात बैठक. एकानं वाजवायचं, बाकीच्यांनी ऐकायचं आणि मग सोलायचं. नव्या मुलांचे पाय आधी तपासतात. हातपेटीवरून आलेला मुलगा तबल्याच्या ठेक्यावर पायटे मारतो आणि दर समेला आवाज फुगतो. पायांनी लय पाळायची नाही, हे शिकायला महिने जातात. मग गुडघा. पट्ट्यांखाली उजवीकडे जी दांडी असते ती गुडघ्यानं ढकलली की आवाज खुलतो. गायक श्वास घेतो तिथे भरणा देताना, म्हणजे ती रिकामी जागा सुरांनी भरताना, ती किती ढकलायची, यावर दोन तट आहेत आणि चहा गार होईपर्यंत भांडण चालतं. मी कमी ढकलणाऱ्यांपैकी. भरणा गायकासाठी असतो, टाळ्यांसाठी नाही.

त्याहून जुनं भांडण गांधाराचं, म्हणजे सा रे ग मधल्या ग चं. ऑर्गनचे बारा सूर समान अंतरांवर मिळवलेले, त्यामुळे शुद्ध गांधार असायला हवा त्याहून १४ सेंट, म्हणजे अर्ध्या स्वराच्या सातव्या हिश्शाएवढा, चढा लागतो. चांगल्या गायिकेचा गांधार आणि माझा गांधार एकाच वेळी वाजले की दोघी एकमेकींना टोचतात. एका गटाचं म्हणणं, रीड खरवडून गांधार उतरवून घ्या. घेता येतो. पण तो गाण्याच्या एकाच पट्टीपुरता बरा होतो. नायक आला, गाण्याची पट्टी बदलली, की ऑर्गनची तीच पट्टी भलताच स्वर होऊन बसते आणि खड्ड्यात जाते. दुसरा गट म्हणतो, गांधार धरूनच ठेवू नका. शिवा आणि सोडा, लांबवायचा तो षड्ज नाहीतर पंचम. नाटकाला हेच लागू पडतं, असं माझं स्पष्ट मत आहे. एकल वादनाची गोष्ट वेगळी.

आमच्यात एक वसईचे सभासद आहेत, चर्चमध्ये वाजवतात. त्यांना नोटेशन वाचता येतं, आम्हाला ऐकून उचलता येतं. सुरुवातीला दोन्ही बाजूंना समोरच्याचं काम सोपं वाटायचं. स्टॉपच्या, म्हणजे आवाजाची जात बदलणाऱ्या, गुंड्यांवरची ती वळणदार जुनी अक्षरं आम्हाला त्यांनीच नीट समजावली. डायपेसन, मेलोडिया, व्हॉक्स ह्युमाना. शेवटचा स्टॉप ओढला की आत एक पंखा फिरतो आणि सूर थरथरतो. आम्ही तो कायम बंद ठेवतो, आमच्या गायकांना स्वतःचीच थरथर पुरते. फोर्टातल्या सेंट थॉमस कॅथीड्रलमध्ये, जे १७१८ पासून उभं आहे, नळ्यांचा ऑर्गन आहे. तो आमच्या ऑर्गनचा भाऊ नव्हे, लांबचा नातलग, हेही त्यांच्याचकडून कळलं. तिथे हवा नळीत घुमते, आमच्याकडे पितळेची जीभ थरथरते.

बाकीचं झटपट सांगते. खंडेनवमीला पूजा असते. ऑर्गनला हार, आणि आकडे, ब्रश, पकडी यांना हळद-कुंकू. ५ नोव्हेंबरला, रंगभूमी दिनाला, एक लहानसा कार्यक्रम. राज्य संगीत नाट्य स्पर्धेच्या दिवसांत हौशी संस्थांना ऑर्गन भाड्यानं देतो. त्यावरच वर्षाचा टेम्पो निघतो. वर्गणी नाममात्र आहे आणि तीही थकते.

कीबोर्ड का नाही, हेही विचारता. घ्या की. आमच्यातले निम्मे कीबोर्डवर नाइटी करतात, मीही करते. तो पाठीवर मावतो, पट्टी बटणानं बदलते आणि ज्या निर्मात्याचा एकेक रुपया मोजलेला आहे त्याला टेम्पो लावायला सांगणं बरं नाही. फक्त त्यात हवा नाही. ऑर्गनचा सूर पायाच्या दाबाबरोबर किंचित कमी-जास्त होतो, गायकाचा श्वासही तसाच होतो, आणि दोन्ही एकत्र चालले की पद सैल, मोकळं वाटतं. पहिल्या रांगेत बसलात तर फरक ऐकू येईल. मागच्या रांगेत, माइकमधून, नाही येणार. मी खोटं कशाला सांगू?

आता शेवटचा प्रश्न. वाजवता येत नाही, तरी आलो तर चालेल का? चालेल. आमचे सेक्रेटरी बेस्टच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले, त्यांना सा कुठला ते आजही सांगता येत नाही. पण भात्याचं कापड त्यांच्याइतकं ताणून कुणी बसवत नाही. सध्या घडीच्या एका ऑर्गनचे दोन्ही भाते उघडून ठेवलेत आणि त्यांना मदतीला माणूस हवाय.