बाथरूमच्या कामाला माणूस कसा शोधला, तुम्ही विचारलंत म्हणून

"बाथरूमच्या कामाला माणूस कुठून शोधलात हो?" हा प्रश्न गेली दोन वर्षं मला जिन्यात, भाजीच्या गाडीवर, हळदीकुंकवाला, कुठेही विचारला जातो. आता तर सिंहस्थ जवळ आलाय. घराघरांत पाहुणे उतरणार, त्याआधी न्हाणीघर नीट करून घ्यायची नाशिककरांची घाई सुरू झालीय. विचारणाऱ्याला नाव आणि नंबर हवा असतो, तो मी देते. पण नुसता नंबर देऊन मला चैन पडत नाही. आमचं पहिलं काम ज्यानं केलं त्याचा नंबरही कुणीतरी असाच खात्रीनं दिला होता.

ते काम 2022 च्या मे महिन्यातलं. मुलाचं लग्न तोंडावर होतं आणि त्या कंत्राटदारानं सहा दिवसांत बाथरूम चकाचक करून देतो म्हणून शब्द दिला. आमचं बाथरूम 5 बाय 7 फुटांचं, दुसऱ्या मजल्यावर. सोमवारी फरशी फोडली, मंगळवारी सकाळी कोबा घातला. बाहेर चाळिशीचं ऊन, वारा कोरडा खट्ट. दुपारच्या चहापर्यंत कोबा पांढरा पडला. मी हात लावून पाहिला, कोरडा लागला, आणि मला बरं वाटलं की चला, लवकर वाळला. बुधवारी त्यावर टाइल बसल्या. लग्नात सगळ्यांनी कौतुक केलं.

दिवाळीनंतर खालच्या मजल्यावरच्या वहिनी वर आल्या. त्या भांडायला आल्या नव्हत्या, याचंच मला जास्त लागलं. त्यांनी मला हाताला धरून खाली नेलं आणि छत दाखवलं. आमच्या नहाणी ट्रॅपच्या, म्हणजे फरशीवरचं पाणी जिथून पाइपात उतरतं त्या भांड्याच्या, बरोबर खाली परातीएवढा ओला डाग, भोवती रंगाचे पोपडे. वर येऊन मी टाइलांवर नाणं वाजवलं. तीनातली एक टाइल पोकळ वाजत होती. कंत्राटदारानं पहिले दोन फोन उचलले, तिसरा उचलला नाही.

माझी चूक काय झाली ते मला पुढच्या वर्षी कळलं, तेही नाशिकपासून फार लांब. सिमेंट वाळून घट्ट होत नाही. पाण्याशी त्याची रासायनिक क्रिया होते, त्यातून ते जमतं. ते पाणी उन्हानं आणि वाऱ्यानं आधीच ओढून घेतलं, तर वरून कडक दिसणारा कोबा आतून भुसभुशीत राहतो आणि त्याला केसासारख्या भेगा पडतात. भारतीय मानक 456 मध्ये काँक्रीटला साध्या सिमेंटसाठी किमान 7 दिवस आणि उष्ण, कोरड्या हवेत किमान 10 दिवस ओलं ठेवायला सांगितलंय. आमच्या कोब्याला एक दिवससुद्धा मिळाला नव्हता. शिवाय व्हिट्रिफाइड टाइल पाणी जवळजवळ पीतच नाही, म्हणून ती नुसत्या सिमेंटच्या सनल्यावर, म्हणजे पाण्यात कालवलेल्या सिमेंटच्या पातळ लगद्यावर, धरत नाही, तिला टाइल चिकटवायचं अढेसिव्ह लागतं. आमच्याकडे सनलाच ओतला होता.

हे मी शिकले ते लेकीच्या घरी. ती अमेरिकेत फिनिक्सला असते, म्हणजे खऱ्याखुऱ्या वाळवंटात. 2023 च्या उन्हाळ्यात मी तिच्याकडे होते. त्या वर्षी फिनिक्समध्ये सलग 31 दिवस पारा 110 फॅरनहाइटच्या, म्हणजे आपल्या साधारण 43 अंशांच्या खाली आला नव्हता. रोजचा कमाल पारा म्हणतेय मी. त्या भाजणीत तिनं बाथटब काढून तिथं साधा उभ्यानं आंघोळ करायचा शॉवर करायला घेतला होता. माझे गुडघे आता टबाची कड ओलांडत नाहीत, हे तिनं कारण सांगितलं नाही, पण मला माहीत आहे.

दोन माणसं पाहायला आली. पहिला सरळ बाथरूममध्ये गेला, टेप लावली, आकडा सांगितला. टबाचा सांडपाण्याचा पाइप शॉवरला अरुंद पडतो, मोठा टाकावा लागेल, तर स्लॅब फोडू, अर्ध्या दिवसाचं काम आहे म्हणाला. दुसरा माणूस आला आणि बाथरूमकडे न जाता गाड्या लावायच्या गॅरेजमध्ये गेला. मला वाटलं, चुकला. तो खाली बसून जमिनीवरची धूळ हातानं झाडत होता. तिथं काँक्रीटमध्ये एक शिक्का उमटवलेला होता. तो लेकीनं मला वाचून दाखवला: या स्लॅबमध्ये ताण दिलेल्या पोलादी तारा आहेत, परवानगीशिवाय कापू नका. तिकडे जमिनीवरच्या घरांचे असे स्लॅब बरेच असतात. आतली एखादी तार तुटली तर ती जोरानं सुटते, माणसाला इजा होऊ शकते आणि स्लॅबची ताकद जाते. त्या माणसानं आधी यंत्र फिरवून तारा कुठून गेल्यात ते शोधलं, खडूनं रेघा मारल्या, आणि मगच दोन रेघांच्या मधे फोडकाम केलं. त्याचा आकडा पहिल्यापेक्षा बराच जास्त होता. लेकीनं काम त्यालाच दिलं.

आणखी एक गोष्ट तिथं पाहिली. तो अढेसिव्ह एकदम बादलीभर कालवत नव्हता. थोडं कालवायचा, ओल्या स्पंजानं मागचा सिमेंटचा बोर्ड पुसून घ्यायचा, मग दात्यांच्या थापीनं दोन-तीन टाइलांपुरतंच पसरायचा. टाइल लावायच्या आधी त्यात बोट टेकवायचा. बोटाला लागलं तर टाइल. लागलं नाही, म्हणजे वर साय धरली, की सगळं खरवडून टाकायचा आणि नवीन घ्यायचा. मी तासभर दारात उभी राहून पाहिलं; चार वेळा खरवडलं त्यानं. एकदाही चेहऱ्यावर त्रागा नाही. आमच्या मे महिन्यातल्या कोब्याची मला तिथं आठवण आली आणि घशाशी काहीतरी दाटलं.

ॲरिझोनात 1,000 डॉलरच्या वरचं असं काम करायला राज्याचा परवाना लागतो. परवान्याचा क्रमांक टाकला की त्या माणसाविरुद्धच्या तक्रारी घरबसल्या पाहता येतात. परवानाधारकानं काम बिघडवलं आणि भरपाई दिली नाही, तर घरमालकासाठी राज्याचा एक निधीसुद्धा आहे. आपल्याकडे फरशी बसवणाऱ्याचा असा क्रमांक तपासायची सोय नाही. म्हणून आपली तपासणी आपल्यालाच करावी लागते, आणि ती मी अशी केली.

परत आल्यावर डिसेंबरात काम काढायचं ठरवलं. नाशकात थंडीत ऊन सौम्य असतं, सिमेंटचं पाणी इतक्या झपाट्यानं उडत नाही. तीन जणांना बोलावलं. तिघांनाही एकच विचारलं: टाइल लावायच्या आधी काय काय करणार? पहिल्यानं मोबाइलवर डिझाइनं दाखवली. दुसरा म्हणाला, "ताई, ते आमच्यावर सोडा." तिसरा थोडा वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, "आधी खालच्यांचं छत बघू का?"

त्याला मी गॅरेजमधल्या माणसाचं काही सांगितलं नव्हतं. वहिनींकडे जाऊन त्यानं डाग पाहिला, छत दाबून पाहिलं, वर येऊन मोजलं. म्हणाला, गळती दोन ठिकाणी आहे. एक ट्रॅपच्या गळ्याशी, दुसरी भिंतीत. जुना लोखंडी पाइप गंजलाय. आमची इमारत 1998 ची. पहिल्या वेळी कुणी तो पाइप पाहिलाच नव्हता.

मग त्यानं लिहून दिलं. तोंडी बोलणं मी आता चालवून घेत नाही, तुम्हीही घेऊ नका. कोणता पाइप, कोणतं वॉटरप्रूफिंग आणि किती हात, भिंतीवर किती उंचीपर्यंत, मलबा कोण उचलणार, पैसे कोणत्या टप्प्यावर. त्या कागदावर "थांबायचे दिवस" असा एक वेगळा रकाना होता, हे पाहून मी त्याच क्षणी ठरवलं. कोब्याला 10 दिवस गोणपाट टाकून पाणी. नवीन पाइपात हातपंपानं दाब भरून रात्रभर ठेवायचं. सकाळी काटा खाली आलेला नसेल तरच भिंत बुजवायची. वॉटरप्रूफिंगनंतर 48 तास पाणी तुंबवून ठेवायचं.

हे पाणी तुंबवणं मला फार आवडलं. ट्रॅपला बोळा मारून त्यानं फरशीवर चार बोटं पाणी भरलं आणि भिंतीवर पाण्याच्या पातळीला पेन्सिलची रेघ मारली. मग त्याच पाण्यात एक बादली ठेवली, तिच्यातही पाणी भरलं आणि आतून एक रेघ मारली. मी विचारलं, बादली कशाला? "हवेनं थोडं पाणी उडणारच. बादलीतलं जेवढं उतरेल तेवढं फरशीवरचं उतरलं तर काळजी नाही. त्याच्याहून जास्त उतरलं तर गळतंय." दोन दिवस मी रात्री उठूनसुद्धा बॅटरी लावून त्या दोन रेघा पाहत होते.

पाण्याचंही त्यानंच विचारलं. आमच्या सोसायटीत गंगापूर धरणाचं पाणी येतं, पण उन्हाळ्यात टाकीत बोअरचं मिसळतात, आणि आपल्या काळ्या पाषाणातलं बोअरचं पाणी जड. पिण्याच्या पाण्यात एकूण कठीणपणा लिटरमागे 200 मिलिग्रॅमपर्यंत चांगला मानतात, दुसरं पाणी नसेल तर 600 पर्यंत चालवून घेतात. आमच्या बोअरचा तपासून घेतला तर 480 निघाला. म्हणून काचेचं पार्टिशन रद्द केलं, नळ चकचकीत न घेता मॅट घेतले, गिझरचा कॉइल दरवर्षी काढून साफ करता येईल अशा जागी बसवला. एक कळकळीचं सांगते: काम संपल्यावर कामगार सिमेंटचे डाग काढायला ॲसिड ओततात, ते ओतू देऊ नका. टाइलांमधले सांधे त्यानं खाल्ले जातात आणि पाण्याला वाट मिळते.

कामाला 26 दिवस लागले. खर्च 2 लाख 10 हजार झाला, पहिल्या वेळच्या सव्वापट. त्या 26 दिवसांत आम्ही शेजाऱ्यांकडे आंघोळीला गेलो. सासूबाई 81 वर्षांच्या, तरी एका शब्दानं कुरकुरल्या नाहीत. त्यांच्यासाठी भिंतीत आधीच पक्कं बसवून घेतलेली आधाराची दांडी आज त्या रोज धरतात.

शेवटचे 20 हजार महिनाभर बाथरूम वापरल्यावर द्यायचे ठरले होते. महिना झाला त्या दिवशी तो आला. आम्ही दोघं आधी खाली वहिनींकडे गेलो. त्यांनी छत नुकतंच रंगवून घेतलं होतं. त्यानं स्टुलावर चढून तळहात छतावर सपाट ठेवला, थोडा वेळ तसाच ठेवला, मग मलाही चढायला लावलं. छत कोरडं होतं. पैसे मी त्याला तिथंच, वहिनींच्या बाथरूममध्ये दिले.